एसी १६ वर ठेवून ट्रान्समीटर गार होत नाही

सातारा-सांगलीकडच्या टेक्निशियन मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘टीव्ही ट्रान्समीटर रूम तापते? एसी १६ वर, रॅकची दारं उघडी, भिंतीत मोठा एक्झॉस्ट. ट्रिपिंग कायमचं बंद.’ ट्रिपिंग म्हणजे तापून ट्रान्समीटर आपोआप बंद पडणं. हे तिन्ही उपाय एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आधी एक्झॉस्ट, कारण सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत येणारच. वाट ठेवली नसेल तर ती दाराच्या फटीतून आणि अँटेनाकडे जाणाऱ्या फीडर केबलच्या भोकातून घुसते, फिल्टरशिवाय. ऊसतोडीच्या दिवसांत फडातलं पाचट पेटलं की काजळी याच वाटेनं येऊन हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत बसते. वर एसीनं गार केलेली हवा फुकट बाहेर जाते ती वेगळीच. तपासायला उदबत्ती पुरते: दार लावून ती फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर खोलीतला दाब बाहेरपेक्षा कमी आहे. धूर बाहेर जायला हवा. एकतर खोली बंद ठेवून एसी चालवा, नाहीतर फिल्टरमधून हवा आत घ्या आणि ट्रान्समीटरची गरम हवा डक्टनं थेट बाहेर काढा. दोन्हींची खिचडी नको. डक्टचं तोंड पश्चिमेला ठेवलंत तर पावसाळी वारा हवा उलटी ढकलेल.

‘एसी १६ वर.’ आकडा खाली आणल्यानं साधा एसी जास्त टनांचा होत नाही. हिशोब उष्णतेचा करा. १ किलोवॉट आउटपुटचा ट्रान्समीटर लाइनमधून ४ किलोवॉट घेत असेल, तर ३ किलोवॉट खोलीत उरतात, म्हणजे सुमारे ०.८५ टन. यूपीएस आणि तापलेला स्लॅब वेगळे. डमी लोड (टेस्टिंगला अँटेनाऐवजी जोडतात तो, सगळी पॉवर उष्णतेत घालवणारा) खोलीतच असेल तर टेस्टिंगच्या वेळी चारही किलोवॉट आत. पावसाळ्यात २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, २४ च्या आसपास असतो. अशा हवेत दार उघडलं की १८ अंशांवरच्या पत्र्यावर आणि कनेक्टरवर पाणी धरतं. एसी २४-२५ वर पुरे.

‘दारं उघडी ठेवा.’ अजिबात नको. समोरून मागे हवा ओढणाऱ्या रॅकमध्ये दार उघडलं की हवा सोपी वाट धरते आणि आतल्या मॉड्यूलना ती मिळतच नाही. रिकाम्या खणांना ब्लँक प्लेट लावा.

हवा किती हवी? ३ किलोवॉट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून न्यायला समुद्रसपाटीला सुमारे ५३० सीएफएम (घनफूट दर मिनिटाला) लागते; अजिंक्यताऱ्यासारख्या १,००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर हवा विरळ, तिथं ६०० धरा. इनटेक आणि आउटलेटला एकेक थर्मामीटर लावा. आउटपुट तेवढंच असताना फरक वाढला तर फिल्टर किंवा पंखा बघा. फरक तोच, पण इनटेकच तापलं असेल तर दोष खोलीचा.

आणि एसीत ऑटो रीस्टार्ट आहे का बघा. रात्री लाइट जाऊन आली की ट्रान्समीटर आपोआप चालू होतो, एसी मात्र रिमोटची वाट बघत बसतो.