'रडगाणं' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, धरणात गाव बुडाल्यावर आम्ही नागपूरला आलो, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी कमेंट टाकली तिला दोन ओळीत उत्तर देणार होतो पण रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो. आधी चूक कबूल करतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन मी १९८४ चं लिहिलं होतं, राजीव गांधींच्या हस्ते ते झालं २२ एप्रिल १९८८ ला. तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्त केलं.

पण "पवनीकडून उमरेड रोडनं दोन तासात नागपूरला आले, याला काय स्थलांतर म्हणता, रडगाणं बंद करा" हे काय आहे? ओळख ना पाळख, आणि सरळ रडगाणं? समोर बसून बोलले असते का असं?

गाव सुटल्याचं दुःख किलोमीटरवर ठरते का हो? ज्याचं गाव जाग्यावर आहे तो पुण्यात राहो की अमेरिकेत, दिवाळीला घरी येऊ शकते. आमचं गाव वैनगंगेच्या पाण्याखाली आहे, मी कोणत्या फाट्यावर उतरू सांगा. जुन्या घराची सागवानी चौकट आजीनं ट्रॅक्टरवर टाकून पुनर्वसनात आणली, नवीन घराला ती मोठी पडली, बसलीच नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि आजी जिवंत होती तोवर दर दिवाळीला तिला हळदकुंकू लावायची. तुमच्या दोन तासात हे कुठं बसवू?

जुन्या गावात "कोनाचा रे तू?" विचारलं की आजोबाचं नाव सांगायचं, काम झालं. पुनर्वसनात आल्यावर आजूबाजूच्या गावांसाठी आम्ही सगळे नुसते 'पुनर्वसनवाले'. शेती गेली तसे बाबा कामासाठी नागपूरला आले, मी तेव्हा आठवीत. वर्गात मी 'पानी' म्हटलं की पोरं हसायची, एक सर पण हसायचे. दोन वर्षांत 'पाणी' म्हणायला शिकलो तर मामाकडे गेल्यावर सगळे म्हणाले पोरगा शहरी झाला. आजही ऑफिसात पाणी आणि आईजवळ पानी, आणि यातला मी कोणता हे मला खरंच सांगता येत नाही, लेख त्याच्यावरच होता, तुम्ही तो पूर्ण वाचला असं वाटत नाही.

"नागपूरच्या जरीपटक्यातले सिंधी १९४७ नंतर सगळं सोडून आले, ते रडले का?" तुम्हाला काय माहीत रडले की नाही? माझ्या कॉलेजच्या मित्राचे आजोबा तिथलेच, सिंधमधल्या गावाचा विषय निघाला की ताट तसंच राहायचं समोर. त्यांनी व्यापार उभा केला म्हणून दुःख नव्हतं, हा कुठला हिशोब?

मोबदला आणि प्रकल्पग्रस्त दाखल्याबद्दल तुम्ही जे लिहिलं त्यात मी पडत नाही, तो वेगळा विषय आहे. दाखला कपाटात पडून आहे, नोकरी त्याच्यावर लागलेली नाही, एवढं पुरे.

असहमत राहा, हरकत नाही. फक्त 'रडगाणं' तेवढं काढा. आई माझे सगळे लेख कमेंटसकट वाचते, तिनं ते वाचलं आणि काही न बोलता मोबाईल ठेवून दिला.