पंचवीस सामने आणि एक कागद

काल माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. अमेरिकेत शाळकरी पोरांना सर्रास ड्रग्ज देतात, तिथले मोठमोठे खेळाडूही तेच घेऊन पकडले जातात, वगैरे. खाली तीन जणांचे जोडलेले हात आणि एक 'घोर कलियुग'. मामांना दोन ओळींत उत्तर लिहायला बसले, ते इतकं लांबलं की म्हटलं ग्रुपवर नको, इथेच टाकू. कारण त्यातलं 'पोर' माझ्या घरातच वाढलंय. आणि खेळाडू म्हणजे बाल्टिमोरच्या ओरिओल्स या बेसबॉल संघातला आमचा ख्रिस डेव्हिस. त्यालाही मी जवळून पाहिलंय. जवळून म्हणजे ओरिओल्सच्या मैदानाच्या, कॅमडेन यार्ड्सच्या, सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या रांगेतून.

बाल्टिमोरजवळ राहायला आलो तेव्हा बेसबॉल म्हणजे आम्हाला बिघडलेलं क्रिकेट वाटायचं. नवरा अजूनही तसंच म्हणतो. लेकामुळे मी मात्र ओढली गेले. २०१३ साली तो आठ वर्षांचा होता आणि त्या वर्षी ओरिओल्सच्या डेव्हिसनं ५३ होमरन (म्हणजे आपल्या षटकारासारखे टोले) मारले. लोक त्याला 'क्रश' म्हणायचे. १९ नंबरची नारिंगी जर्सी आमच्याकडे धुवायलासुद्धा मिळत नसे. ट्विटरवर कुणीतरी डेव्हिसला सरळ विचारलं, तू स्टेरॉइड्स घेतोस का? त्यानं एका शब्दात उत्तर दिलं: नाही. आमच्या चिरंजीवांना तो किस्सा तोंडपाठ होता.

त्याच सुमारास लेकाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, असल्याचं निदान झालं. गोळी सुरू झाली. तिच्यामुळे तो हुशार झाला नाही की त्याच्यात सुपरमॅन संचारला नाही. बूट घालायला बसलेला मुलगा बूट घालूनच उठायला लागला, एवढंच. दुपारचा डोस शाळेतली नर्स द्यायची. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो, आणि तो दर वर्षी नवा. एका वर्षी आम्ही तो भरायला विसरलो. नर्सनं गोळ्या परत पाठवल्या. मुलगा तोच, गोळी तीच, डॉक्टर त्याच, पण कागद जुना. मी चरफडले, पण तिचं काय चुकलं?

आता २०१४. संघ असा खेळत होता की १७ वर्षांनी पहिल्यांदा आपल्या विभागात अव्वल येणार हे दिसत होतं. डेव्हिस मात्र पार ढेपाळलेला. सरासरी .१९६, म्हणजे पाच वेळा बॅट घेऊन गेला तर एक हिट धड नाही. आणि १२ सप्टेंबरच्या शुक्रवारी बातमी आली: अँफेटामिन हे उत्तेजक सापडलं, २५ सामन्यांची बंदी. एडीएचडीवरच्या त्या गोळीचं नाव अ‍ॅडरॉल. डेव्हिसनं त्याच दिवशी माफी मागितली. पूर्वी ही गोळी घ्यायची परवानगी होती, या वर्षी नव्हती, चूक झाली, शिक्षा मान्य आहे, असं त्याचं म्हणणं.

त्या आठवड्यात ऑफिसात काम कमी आणि न्यायनिवाडा जास्त झाला. शेजारच्या टेबलावरचा गडी आजोबांपासूनचा ओरिओल्सवाला. तो म्हणाला, ऐन वेळी संघाला खड्ड्यात घातलं, स्वार्थी माणूस. दुसरा हसत होता, की औषध घेऊन .१९६? पैसे परत माग म्हणावं! आणि लगेच कुजबुज सुरू झाली की मग गेल्या वर्षीचे ५३ कुठून आले ते कळलं. या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. हे ताकद वाढवणारं स्टेरॉइड नव्हतं, उत्तेजक होतं. बेसबॉलचे तेव्हाचे नियमही दोन्हींत फरक करायचे: स्टेरॉइडला त्या वर्षापासून पहिल्याच वेळी ८० सामने, उत्तेजकाला दुसऱ्या वेळी २५.

दुसऱ्या वेळी, हे मात्र डेव्हिसची बाजू घेणारे सोयीस्करपणे विसरायचे. मीसुद्धा. उत्तेजकासाठी पहिल्यांदा सापडलात तर नाव जाहीर होत नाही, फक्त पुढे जास्त वेळा तपासणी होते. म्हणजे २५ सामने बसले, याचा अर्थ आधी एकदा तंबी मिळालेली होती. तंबी मिळाल्यावरही कागद न करता गोळी घेणं याला साधा विसर म्हणता येत नाही. बंदी योग्यच होती. यावर माझं आणि नवऱ्याचं एकमत झालं, जे घरात क्वचित होतं.

पण 'आमचा पवित्र खेळ बाटवला' हा सूर मला पटत नाही. सहा महिन्यांत १६२ सामने, रात्री उशिरा संपणारे, मग विमान, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. या खेळात हिरव्या गोळ्या, म्हणजे अँफेटामिनच, कित्येक दशकं शेंगदाण्यांसारख्या खाल्ल्या जात होत्या. अँफेटामिनवर बंदी आली ती थेट २००६ साली. आणि मग गंमत बघा. वैद्यकीय कारणानं अशी गोळी घ्यायची परवानगी २००६ मध्ये २८ खेळाडूंकडे होती, पुढच्याच वर्षी १०३ जणांकडे. एका हिवाळ्यात इतक्यांना एडीएचडी झाला? काही जण खरे असतील, काहींनी नुसता कागद मिळवला असेल. मैदानावर कुणाकडे बघून ते ओळखता येत नाही. गर्दीला तर नाहीच नाही.

लेकानं बातमी शाळेतच ऐकली होती. घरी येऊन दप्तर न ठेवताच विचारलं, "आई, तो पण माझंच औषध घेतो? मग मी पण चीटिंग करतो?" नऊ वर्षांचा होता. मी त्याला नर्सनं परत पाठवलेल्या गोळ्यांची आठवण दिली. त्यावर म्हणाला, "म्हणजे त्याच्या आईनं फॉर्म नाही भरला." याहून नेमकं विश्लेषण तेव्हा कुठल्या चॅनलवर ऐकलं नाही मी.

पुढे बाद फेऱ्यांत ओरिओल्सनी डेट्रॉइटला तिन्ही सामन्यांत हरवलं आणि मग कॅन्सस सिटीनं आम्हाला चारही सामन्यांत धुतलं. शेवटचे दोन २-१ असे. त्या एकेका धावेसाठी शहरानं डेव्हिसला मनसोक्त शिव्या घातल्या. शिक्षेतला उरलेला एक सामना त्यानं २०१५ च्या पहिल्या दिवशी बाहेर बसून भरला. मग त्याला दुसऱ्या गोळीची रीतसर परवानगी मिळाली, ४७ होमरन मारले, बेसबॉलच्या दोन्ही लीगमध्ये मिळून सगळ्यात जास्त, आणि तेच लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या टेबलावर तर नवीन १९ नंबर लटकला. असतील शिते तर जमतील भुते. सात वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर बॅट पुन्हा रुसली. २०१८ पासून २०१९ पर्यंत लागोपाठ ५४ वेळा हिट नाही, चेंडू टाकणारे खेळाडू सोडले तर हा विक्रमच. घरच्याच मैदानावर हुर्यो. तेव्हा ऑफिसातला तोच गडी मला म्हणतो, "कुणीतरी त्याला ती जुनी गोळी द्या रे!"

मामा, तुम्हाला एक आठवण करून देते, रागावू नका. त्याच २०१९ च्या जुलैमध्ये आपल्या पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली होती. टर्ब्युटलिन, खोकल्याच्या औषधातलं. तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही लिहिलं होतंत, "साधं खोकल्याचं औषध, उगाच पोराला छळतायत." मी तेव्हा वर अंगठा दिला होता, अजून आहे तिथे. त्यानंही परवानगीचा कागद केला नव्हता, मामा.

लेक आता कॉलेजात आहे, गोळी चालू आहे, स्वतःचे फॉर्म स्वतः भरतो म्हणे. परवा फोनवर विचारलं, या वर्षीचा भरलास का? म्हणाला, "आई, मी काय ख्रिस डेव्हिस आहे का?" भरला की नाही ते अजून सांगितलेलं नाही.