‘एक शब्दही न विचारता झाकण दिलं’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करून घरी गेल्यावर मुलीने वाचून दाखवला. वाईला जाताना तुमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आधी कापूरहोळला आणि मग खंबाटकी घाटात बंद पडली, आईंना तासभर उन्हात बसावं लागलं, आणि हे सगळं आमच्याकडून ६५० रुपयांना घेतलेल्या पेट्रोल टाकीच्या चावीच्या झाकणामुळे झालं, असं तुम्ही लिहिलंय. आईंना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. झाकण तुमच्या टाकीला चुकीचंच होतं, ते मी नाकारत नाही.

पण “काउंटरवर एक शब्दही न विचारता झाकण हातात टेकवलं” हे वाक्य मला फार लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही आलात तो शनिवार होता, संध्याकाळी सातचा सुमार. नाना पेठेत त्या वेळी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तुम्ही गाडी आणली नव्हती, फोनमध्ये फोटो होता. मी दोन झाकणं काढून समोर ठेवली. एक साधं काळं, हवा घेणारं. दुसरं क्रोमचं, चावीचं, पूर्ण बंद. आणि विचारलं, “टाकीला हवेची वेगळी नळी आहे का, आणि ती चालू आहे का?” तुम्ही म्हणालात, “आहे, मेकॅनिकने बघितलीय.” मग टाकीचं काही काम झालंय का तेही विचारलं. तुम्ही नाही म्हणालात आणि क्रोमचं उचललंत. बिलबुकातली प्रत आत्ता माझ्यासमोर आहे. खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘नळी चालू, गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे’. कार्बन जुना झालाय म्हणून फिकट उमटलंय, पण वाचता येतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आठच दिवस राहतं, नाहीतर तेही दाखवलं असतं.

हे मी उगाच विचारत नाही. या गाड्या इतक्या हातांतून गेलेल्या असतात की नुसतं मॉडेल ऐकून झाकण देता येत नाही. टाकीतून एक लिटर पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. ती झाकणातून येईल, नाहीतर नळीतून. दोन्ही बंद असली की टाकीत ओढ बसते, इंजिनवरच्या पंपाच्या पडद्याला पेट्रोल खेचता येत नाही, कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी आचके देत थांबते. अर्धा तास उभी ठेवली की कुठून तरी हवा झिरपते आणि ती पुन्हा चालू होते. म्हणून सगळे ठिणगीच्या कॉइलला नाहीतर गरम पंपाला दोष देतात. तुमच्या मेकॅनिकनेही आधी पंपावर ओलं फडकं टाकलं आणि मग पंपच बदलला. त्या पंपाचे पैसे तुम्ही माझ्या नावावर लिहिलेत, सर.

कापूरहोळपर्यंत नीट आलेली गाडी शिरवळला टाकी फुल केल्यावर घाटात इतक्या लवकर कशी थांबली, असंही तुम्ही विचारलंय. टाकी निम्मी रिकामी असते तेव्हा आत हवा भरपूर असते, तिला ताण यायला वेळ लागतो. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत हवा जेमतेम. लिटर-दीड लिटर गेलं की ओढ बसलीच. शिरवळच्या पेट्रोलपंपावरच्या मुलाने झाकण फिरवलं तेव्हा ‘फुस्स’ आवाज आला होता, हे तुम्हीच मला सोमवारी सांगितलंत. घाटात झाकण एकदा उघडून परत लावलं असतंत तरी गाडी चालू झाली असती. एक फोन केला असता तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. बिलावर नंबर आहे.

सोमवारी तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा मी स्वतः खाली शिरून बघितलं. कधीतरी गळती थांबवताना कुणीतरी नळीचं तोंड सोल्डरचा डाग देऊन बुजवून टाकलं होतं. आणि झाकणाला तुम्ही मधोमध भोक पाडून आणलं होतं. पैसे परत दिले नाहीत ते त्या भोकामुळे, दुसरं काही कारण नाही. ते झाकण मी आता कुणाला विकू? हवा घेणारं झाकण म्हणजे भोक पाडलेलं झाकण नव्हे. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली चकती असते, ती हवा आत घेते आणि पेट्रोल बाहेर उसळू देत नाही. उघड्या भोकातून वळणावर पेट्रोल रंगावर ओघळतं, पावसाचं पाणी टाकीत जातं, आणि वाफ बाहेर येत राहते ती आगीला आमंत्रण. माझ्यावर कितीही राग असू दे, पण ते झाकण वापरू नका.

जुन्या बाजारात दीडशेला मिळतं म्हणालात. मिळतं. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात साधं रबर फुगतं. माझ्या झाकणाचा वायसर व्हायटनचा, म्हणजे इथेनॉलमध्ये न फुगणाऱ्या रबराचा आहे.

आता माझं काय चुकलं तेही लिहितो. माझे वडील गिऱ्हाइकाच्या शब्दावर झाकण देत नसत. नवं झाकण आतल्या बाजूने ओठाला लावून हवा ओढायचे. आली तर म्हणायचे, “हे श्वास घेतं.” नाही आली तर ते बाजूला ठेवून, “आधी गाडी आणा.” शनिवारच्या गर्दीत मी तुम्हाला गाडी आणा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

दुकानात मी आणि एक मुलगा, दोघंच असतो. पद्मिनी बंद होऊन पाव शतक झालं, तिचे पार्ट शोधणारे थोडे, आणि जे येतात ते अभिप्राय वाचूनच येतात. आज सकाळी कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाने कार्ब्युरेटर किटची ऑर्डर थांबवली. “रिव्ह्यू वाचला,” एवढंच म्हणाले. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं पुन्हा एकदा वाचून बघावं, एवढी विनंती. विचारलं की नाही, तेवढं तरी.

दोन्ही प्रकारची झाकणं वेगळी ठेवायची व्यवस्था करतोय, पाकिटावर लिहायचंही बघतो.

चावीचं, क्रोमचं, पण हवा घेणारं झाकण मुंबईहून मागवलंय, तुमच्यासाठी. त्याचे पैसे नकोत. नळीचं तोंड मोकळं करायचं तर टाकी उतरवून रिकामी करून धुवावी लागेल, एक दिवस गाडी ठेवा. सकाळी दहाच्या आत आलात तर दुकानासमोर जागा मिळते. बिल हरवलं असेल तरी चालेल, माझ्याकडे प्रत आहे.