इतर, किमान पन्नास अक्षरांत

गेल्या मंगळवारी आमच्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझे जुलाब मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. ऐकायला शाखेतील दोन लिपिक, पगारातल्या कपातीची चौकशी करायला आलेली लेखा विभागातली नवी मुलगी आणि कूलरच्या ताट्यांतले जुने गवत उपसून नवे भरणारा एक कारागीर एवढी मंडळी हजर होती. मला ऊन लागले होते. मे महिन्यात नागपुरात ऊन लागणे ही काही बातमी नव्हे. शनिवार आणि सोमवार रजेवर राहून, मधला रविवारही अंथरुणातच काढून, धंतोलीतल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन मी कामावर रुजू झालो होतो, आणि ते प्रमाणपत्र देऊन दोन मिनिटांत आपल्या खुर्चीत परतावे एवढीच माझी अपेक्षा होती.

आमच्याकडे यंदापासून रजेची नोंद संगणकावर होते. त्यात 'आजाराचे कारण' असा एक रकाना आहे, आणि तो आपल्या मनाने भरता येत नाही, यादीतून निवडावा लागतो. यादीत ताप, सर्दी-खोकला, अपघात, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि इतर एवढेच पर्याय आहेत. ही यादी कोणीतरी थंड हवेच्या गावी बसून केलेली असावी, कारण ऊन लागणे तीत नाही.

"साहेब, ताप टाकून देऊ काय?" हजेरी पाहणाऱ्या भाऊंनी विचारले.

ताप नव्हता, प्रमाणपत्रावर जे लिहिले आहे तेच टाका, असे मी म्हणालो. भाऊंनी प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडात धरले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक अक्षर लावत वाचले, "ॲक्यूट... गॅस्ट्रो... म्हणजे संडास लागली होती, असं म्हणा ना!" लेखा विभागातल्या मुलीने मोबाइलमध्ये मान घातली. "पण संडास यादीत नाही," भाऊ खेदाने पुढे म्हणाले, "आणि 'इतर' टाकलं का ते किमान पन्नास अक्षरांचा खुलासा मागते. किती वेळा झाली, ते सांगाल काय? तेवढ्यात भरून जाईन."

इथे कूलरवाल्याने काम थांबवले. तो स्टुलावर उभा होता, दोन्ही हातांत गवत होते आणि कोपरापर्यंत त्याच्या काड्या चिकटल्या होत्या. "त्यापेक्षा प्रसूती टाकून द्या ना जी," तो म्हणाला. "सुट्ट्या लय भेटतात. माह्या सुनेले सहा महिने भेटल्या."

"सव्वीस आठवडे," भाऊंनी दुरुस्ती केली. "पण त्याचा फॉर्म वेगळा असते, आणि आता तारीखही निघून गेली." मी पुरुष आहे ही अडचण दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. फॉर्म वेगळा नसता तर माझी प्रसूती त्या दिवशी खचित नोंदवली गेली असती.

"खिशात कांदा ठेवत होते काय?" कूलरवाल्याने मला विचारले. मी नाही म्हणालो. "मंग ऊन लागनच ना बाप्पा!" असे म्हणून त्याने आपल्या पँटच्या खिशातून एक कांदा काढला. वरची साले गळून तो गुळगुळीत झाला होता आणि त्याला बिडीच्या बंडलाचा कागद चिकटला होता. तो कांदा आधी भाऊंच्या आणि मग त्या मुलीच्या हातात फिरला, आणि शाखेतील दुसऱ्या लिपिकांनी, ज्यांना मी इतक्या वर्षांत एकही वाक्य पूर्ण बोलताना ऐकलेले नाही, पांढरा कांदा बरा की लाल यावर सविस्तर मत दिले. तोवर भाऊ 'उन्हामुळे उलट्या व जुलाब झाले' असे टंकित करून बसले होते आणि अक्षरे कमी पडल्यामुळे रकाना लाल झाला होता. जोडाक्षर एक धरायचे की दोन, यावरही चर्चा झाली. शेवटी भाऊंना वाट सापडली. माझ्या सेवेच्या कायमस्वरूपी नोंदीत आता असे वाक्य आहे: 'उन्हामुळे उलट्या व जुलाब झाले व खिशात कांदा ठेवलेला नव्हता.' रकाना तत्काळ हिरवा झाला.

"म्हणजे बिमार पडल्याचे तुमाले पैसे भेटतात?" स्टुलावरून उतरता उतरता कूलरवाल्याने विचारले. भाऊ म्हणाले, भेटतात. "मंग एवढी भानगड होईनच ना जी," असे म्हणून त्याने दुसरी ताटी उचलली. त्याच्या बाजूने पाहता त्याचे खोटे नव्हते, कारण तो आजारी पडला तर त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि त्याला पैसेही कोणी देत नाही. तरी त्याने भाऊंचा पक्ष घेतला याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

भरपगारी रजा ही मेहेरबानी असल्यासारखी ही सारी चौकशी चालते, माझे दुखणे नेमके इथे आहे. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आजारपणाची अशी वेगळी रजा नाही. वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे आणि ती दर तिमाहीला कामगाराच्या खात्यात जमा करावी, असे म्हटले आहे. कामाच्या दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, तीही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. खात्यात जमा करायची म्हटल्यावर ते खाते पासबुकासारखे खातेदाराला दिसायला नको काय? किती जमा, किती खर्च, किती शिल्लक, रजा पूर्ण दिवसाची की अर्ध्या, पगारी की बिनपगारी, कोणी कधी मंजूर केली आणि प्रमाणपत्र पाहिले की नाही, एवढे लिहिले की मालकाचे काम संपते. आजाराचे नाव त्या पानावर कशाला हवे? प्रमाणपत्र एका जबाबदार माणसाने पाहावे आणि कुलपात ठेवावे. आमच्याकडे ते आधी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे लागते, तिथे त्याला अंगठे मिळतात आणि खालोखाल 'लॅपटॉप घरीच आहे ना?' अशी विचारणा येते. सोमवारी मी उशाशी बादली ठेवून तासभर बैठकीत बसलो, त्याची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात नाही.

माझे वडील राज्य शासनाच्या सेवेत होते. त्यांच्या रजा नियमांत वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा असे, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ती पूर्ण पगारावर परिवर्तित करून घेतली तर खात्यातून दुप्पट दिवस वजा होत. हा हिशोब सेवापुस्तकात शाईने लिहिलेला असे, खाडाखोड झाली तर शेजारी सही असे, आणि वडील ते पुस्तक मागवून स्वतः बेरीज तपासत. त्या कारभाराचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही, कारण त्यातही बाबू रडवायचेच, पण चूक झालीच तर ती कोणाची, हे निदान त्या पानावर दिसत असे.

माझी चूक रविवारची आहे. म्हणजे यंत्राने केलेली. शनिवार आणि सोमवार रजा घेतली की मधला रविवारही रजेतच धरायचा, असे त्याला कोणीतरी शिकवले आहे. साप्ताहिक सुट्टी माझ्या खात्यातून कशी वजा होते, असे विचारल्यावर भाऊंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "सिस्टीमच दाखवून राहिली ना." ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर पारा ५६ अंशांवर गेला होता, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचे सांगून तो आकडा बाद ठरवला. या शहरात २०१३ च्या मे महिन्यात खरोखर ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले आहे, तेव्हा आकडे फुगवायची आम्हाला गरजही नाही. उन्हाच्या बाबतीत यंत्र चुकले हे मान्य होऊ शकते, रजेच्या बाबतीत मात्र आजवर झालेले नाही.

रविवार परत मिळावा म्हणून मी दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. त्यावर विभागप्रमुखांची सही लागते आणि ते सध्या रजेवर आहेत. भाऊंनी त्यांची नोंद मला पडद्यावर दाखवली: कारणाच्या रकान्यात नुसते 'वैयक्तिक' एवढेच लिहिले होते, आणि तो रकाना हिरवा होता.