रात्र थोडी, भाडं फार

रात्र कधी सुरू होते, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अलिबागजवळच्या किहीममधल्या एका व्हिलाच्या मॅनेजरनं फोनवर शिकवलं. दुपारी दोन वाजता. आणि संपते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मधले तीन तास दिवसातही नाहीत नि रात्रीतही नाहीत. त्यात म्हणे चादरी बदलतात. आमची आत्या सूर्य उगवल्याशिवाय वार बदलू देत नाही. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दुपारी जेवून आडवी होते तेव्हा मी रात्रीच झोपते म्हण की!"

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आणि मुलुंड-दादर-गिरगाव मिळून आम्ही बारा माणसांनी अलिबागकडे जायचं ठरवलं. शुक्रवार नि शनिवार, दोन रात्री. रात्रीचे २२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, कारण दिवसाचं भाडं ७,५०० च्या वर गेलं की सरकारही आपल्यासोबत सहलीला येतं. एकूण ५१,९२०. मी सहज विचारलं, "रविवारीही राहिलो तर? आठवड्यातल्या रात्रीचा दर १४,००० लिहिलाय."

"सर, रविवार आठवड्यात येतो, पण हा रविवार नाही."

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग त्यानं शांतपणे उलगडून सांगितलं. रात्रीची किंमत रात्रीवर ठरतच नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ठरते. सकाळी ऑफिस असेल तर रात्र स्वस्त, सुट्टी असेल तर महाग. एरवी रविवारची रात्र गरीब बिचारी असते. पण यंदा तिच्या पाठीशी साक्षात प्रजासत्ताक दिन उभा होता. त्यामुळे तिचाही भाव २२,०००. खरं सांगायचं तर मला हे पटलं. रविवारी रात्री डबे आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या काळजीत आमच्या घरात जी अवकळा पसरते, तिला मी १४ रुपयेही देणार नाही.

तेव्हा ठरलं, रविवारी निघायचं. संध्याकाळच्या रो-रो बोटीचं गाड्यांसकट तिकीट काढलं. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला तासाभरात.

घोळ केला तो पोपटीनं. रविवारी सकाळी बॅगा भरताना केअरटेकर काका म्हणाले, "जानेवारीत येऊन पोपटी न खाता जाणार?" वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मसाला लावलेली कोंबडी, सगळं मडक्यात भरून भोवती जाळ. थोरल्या दादाच्या तोंडाला तिथंच पाणी सुटलं. मी पुन्हा फोन लावला.

"दुपारी एकपर्यंत फ्री आहे सर. एक ते सहा अर्धी रात्र. सहानंतर पूर्ण."

"अहो, पण सहाला तर रात्र सुरूच होते!"

"आपली दोनलाच सुरू झाली, सर."

अर्धी रात्र म्हणजे ११,००० अधिक जीएसटी, तीही उजेडात. दादा म्हणाला, मी देतो. रो-रोचं तिकीट गेलं, पेण-वडखळवरून रस्त्यानं जाऊ म्हणाला. मडकं मात्र सव्वापाचला जाळावर चढलं, कारण पाला आणायला गेलेला मुलगा क्रिकेट बघत उभा राहिला होता. पावणेसहाला काकांनी मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. "अजून नाही." सहाला पाच कमी असताना मी घड्याळाकडे आणि दादा मडक्याकडे बघत होता. दोघांच्याही कपाळावर घाम.

पोपटी फुटली सहा वाजून सात मिनिटांनी.

तरीही सुटलो असतो. काका आमच्याच बाजूचे होते. पण वहिनीनं कौतुकानं वाफाळत्या मडक्याचा फोटो काढला आणि 'खूप मजा आली, धन्यवाद' असं लिहून थेट मॅनेजरला पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपनं खाली वेळ टाकली, ६:०९. उत्तर आलं: नमस्काराचे दोन हात आणि २५,९६० चा क्यूआर कोड. शिवाय अंगणात पडलेल्या टरफलांचे साफसफाईचे ५०० वेगळे. इथं टिळकांचं बाणेदार उत्तर देता येईना, कारण शेंगा आम्ही खाल्ल्या होत्या.

गिरगावच्या आमच्या दोन खोल्यांत कोकणातून दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा गणपतीपासून दिवाळीपर्यंत राहायचा. त्याच्या जादा रात्रीचा आकार म्हणजे एक चटई.

पैसे भरलेच होते, तेव्हा राहिलो. पण झोपायला कुणी तयार होईना. तासाला हजाराच्या वर पडतात म्हटल्यावर घोरणं परवडेना. आत्यानं रात्री दोनला सगळ्यांना उठवून पत्त्यांना बसवलं. दादा कडाक्याच्या थंडीत पूलमध्ये उतरला आणि दात वाजवत म्हणाला, "वसूल!" सकाळपर्यंत सगळे डोळे लाल करून बसलो होतो.

पावणेअकराला पुतण्या बाथरूममध्ये अडकला. आत्या दारावर थापा मारत ओरडत होती, "मेल्या, बाहेर ये, नाहीतर सोमवारची रात्र लागेल!" तेवढ्यात मॅनेजरचा फोन.

"सर, उद्या वर्किंग डे आहे. आजची रात्र चौदालाच पडेल. थांबताय का?"

मागून दादानं विचारलं, "शेंगा उरल्यात का रे?"