११० राउंड लढणारे ‘पोलादी’ बॉक्सर: एकेक वाक्य तपासून पाहू

दर दोन-चार महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. वर जुना काळपट फोटो, त्यात दोन उघडे, मिशाळ बॉक्सर मुठी उगारून उभे. खाली लिहिलेलं असतं: “पूर्वीचे बॉक्सर उघड्या मुठींनी ११० राउंड लढायचे. माघार नाही, तक्रार नाही. आजचे १२ राउंडमध्ये धापा टाकतात. तेव्हाची हाडंच वेगळी होती.” सरावाला येणारी पोरं हे खरं धरून चालतात आणि डोक्यावर मार खात उभं राहणं म्हणजेच दमदारपणा असं समजतात. मला त्याची काळजी वाटते, म्हणून हे उत्तर.

आधी ते ११० राउंड. अशी लढत खरंच झाली. ६ एप्रिल १८९३, न्यू ऑर्लिन्सचा ऑलिंपिक क्लब, अँडी बोवेन विरुद्ध जॅक बर्क. पण ती उघड्या मुठींची नव्हती. दोघांच्या हातांत ग्लोव्ह्ज होते आणि नियम क्वीन्सबेरीचे होते: तीन मिनिटांचा राउंड, मग एक मिनिट विश्रांती. हिशेब मांडा. राउंडची ३३० मिनिटं, मधल्या १०९ विश्रांतींची १०९ मिनिटं, मिळून ४३९. म्हणजे ७ तास १९ मिनिटं, आणि लढतीची नोंदलेली वेळ नेमकी तेवढीच आहे. इतका वेळ पायांवर उभं राहणंसुद्धा अचाट आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्या सात तासांत लढाई किती झाली? रात्री सुरू झालेला सामना पहाटेपर्यंत लांबला. बर्कच्या हातांची हाडं मोडली होती. ठोसा मारला की समोरच्याहून जास्त त्यालाच लागत होतं. पुढचे कितीतरी राउंड दोघं नुसते एकमेकांभोवती फिरत राहिले. प्रेक्षकांतले बरेच घरी गेले, काही बसल्या जागी झोपले, आणि शेवटी रेफरीनं कुणालाही विजयी न ठरवता सामना थांबवला. मी पहिल्यांदा तीन मिनिटं सलग स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, केलं तेव्हा दुसऱ्या मिनिटालाच खांदे इतके भरून आले की हात हनुवटीपर्यंत उचलेनात. समोरचा पूर्ण जोरात येत असेल तर तीन मिनिटं काय असतात, ते रिंगमध्ये उतरलेल्याला विचारा. त्या वेगानं ११० राउंड कुठलंच शरीर टिकणार नाही, तेव्हाचंही नाही आणि आजचंही नाही. बोवेन आणि बर्क टिकले ते वेग सोडल्यामुळे.

उघड्या मुठींच्या सामन्यासाठी मग दुसरं उदाहरण पुढे येतं: जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन, ८ जुलै १८८९, मिसिसिपीतलं रिचबर्ग, ७५ राउंड. इथे राउंड या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. लंडन प्राइझ रिंगच्या नियमांत घड्याळ लावून राउंड संपत नसे, माणूस खाली पडला की संपे. ठोशानं पडो, उचलून आपटलेला पडो किंवा पाय घसरून. मग ३० सेकंद विश्रांती आणि पुढच्या आठ सेकंदांत मधल्या रेघेवर यायचं. किलरेन त्या दिवशी मार चुकवण्यासाठी वारंवार खाली जात होता, आणि प्रत्येक वेळी एक राउंड मोजला जात होता. ७५ राउंडला एकूण २ तास १६ मिनिटं लागली. विश्रांतीची वेळ वजा केली तर एक राउंड सरासरी दीड मिनिटाचासुद्धा भरत नाही. त्याच सलिव्हनची आदल्या वर्षी फ्रान्समध्ये चार्ली मिचेलशी भर पावसात लढत झाली होती. तीन तासांहून जास्त चालली, राउंड मात्र फक्त ३९. आता सांगा, राउंडच्या आकड्यावरून दम कसा मोजणार?

तरीही रिचबर्गच्या त्या रणरणत्या उन्हात सव्वादोन तास, मधे उलटी होऊनही, सलिव्हन उभा राहिला. हे खरं काटकपण आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. मात्र ‘माघार नाही’ हे त्याच सामन्यानं खोटं ठरवलं. ७५ व्या राउंडनंतर किलरेनच्या कोपऱ्यातला मदतनीस माइक डोनोव्हन यानं हार मान्य असल्याची खूण म्हणून स्पंज आत टाकला आणि आपल्या माणसाला वाचवलं. किलरेन पुढे १९३७ पर्यंत जगला. आणि सलिव्हननं यानंतर आपला हेवीवेट विजेतेपदाचा किताब पणाला लावला तो १८९२ मध्ये, जेम्स कॉर्बेटविरुद्ध, ग्लोव्ह्ज घालून.

ग्लोव्ह्जमुळे बॉक्सर नाजूक झाले, हाही असाच गैरसमज. कवटीपुढे हाताची हाडं लवकर मोडतात, म्हणून उघड्या मुठीचा माणूस डोक्यावर जपून मारायचा, अंगावर मारायचा, झोंबायचा. ग्लोव्ह्जनं वाचवला तो मारणाऱ्याचा हात. त्यानंतर डोक्यावर बिनधास्त मारता येऊ लागलं.

‘तक्रार नाही’ या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. १८३३ मध्ये इंग्लंडमध्ये सायमन बर्न ९९ राउंड, तीन तासांहून जास्त लढला. तेव्हाच्या नियमांत मदतनीस बॉक्सरला उचलून रेघेवर उभा करू शकत, आणि शेवटी शेवटी बर्नला तसंच उभं केलं गेलं. तीन दिवसांनी तो गेला. १९१० मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅड वोलगास्ट आणि बॅटलिंग नेल्सन यांची लढत ४० व्या राउंडला थांबवली गेली. जिंकलेल्या वोलगास्टचं नंतरचं बरंचसं आयुष्य मनोरुग्णालयात गेलं आणि १९५५ मध्ये तिथेच संपलं. नेल्सनचाही शेवट असाच झाला. डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी डोक्यावर मार खाऊन बॉक्सरांना होणाऱ्या मेंदूविकारावर वैद्यकीय लेख लिहिला तो १९२८ मध्ये. तोवर अशा माणसांच्या दुखण्याची तक्रार ऐकणारं कोण होतं?

किताबी लढतींचे १५ चे १२ राउंड झाले तेही कुणी मऊ पडलं म्हणून नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध १४ व्या राउंडला कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम डुक कू काही दिवसांत वारला. त्यानंतर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेनं आपल्या किताबी लढती १२ राउंडवर आणल्या आणि पुढे इतर संघटनांनीही तेच केलं.

आणि ११० राउंडवाला अँडी बोवेन? त्याचं पुढे काय झालं ते त्या मजकुरात कधीच नसतं. डिसेंबर १८९४ मध्ये, पुन्हा न्यू ऑर्लिन्समध्येच, किड लॅव्हिनच्या ठोशानं तो १८ व्या राउंडला पाठीवर पडला. रिंगला तळाशी नुसत्या लाकडी फळ्या होत्या, त्यांवर त्याचं डोकं आपटलं. तो शुद्धीवर आलाच नाही, दुसऱ्या दिवशी गेला. लॅव्हिनला अटक झाली, पण मृत्यू ठोशानं नव्हे तर फळ्यांमुळे झाला असं ठरून तो सुटला. आज रिंगच्या कापडाखाली मऊ थर अंथरलेला असतो.