ई-कोर खोटे नाहीयेत रे बाबांनो

परत तो मेसेज फिरतोय, "इंटेलच्या १२व्या जनरेशनपासून निम्मे कोर खोटे, मोबाईलचे फालतू कोर टाकून आकडा फुगवलाय, बायोसमध्ये जाऊन ई-कोर बंद करा पीसी पळेल, विंडोज १० वर तर हे चालतच नाही." काल आमच्या दादाने पण पाठवला, म्हणून लिहितोय. (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग; पी-कोर मोठे आणि वेगवान, ई-कोर लहान आणि वीज वाचवणारे. बायोस म्हणजे पीसी चालू होतानाची मूळ सेटिंग्ज.)

आधी ते खोटे कोर. अल्डर लेक, म्हणजे हीच १२वी जनरेशन, आलं नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यातले ई-कोर अ‍ॅटमच्या (इंटेलचे कमी विजेवर चालणारे छोटे प्रोसेसर) घराण्यातले आहेत हे बरोबर, त्यांना हायपरथ्रेडिंग (एका कोरवर एकाच वेळी दोन कामं, म्हणजे दोन थ्रेड) नाही हेही बरोबर. पण एका पी-कोरच्या जागेत साधारण चार ई-कोर बसतात, म्हणजे आय९-१२९००के मध्ये आठ ई-कोर जेवढी जागा खातात तिथे दोनच पी-कोर मावले असते, थ्रेड मिळाले असते चार, इथे आठ आख्खे कोर मिळतात, रेंडरिंगला (थ्रीडी किंवा व्हिडिओचं अंतिम चित्र बनवायला) कोण पुढे जाईल तुम्हीच सांगा.

बंद करा हे कुठून आलं? सुरुवातीला डेनुवोवाल्या (गेमची चोरटी कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर) काही गेम्सना ई-कोर म्हणजे दुसराच कॉम्प्युटर वाटायचा आणि गेम बसायचे, मग बायोसमध्ये सेटिंग आलं, स्क्रोल लॉक दाबा की ई-कोर झोपतात (त्या बटणाला आयुष्यात पहिल्यांदा काम मिळालं). पुढे पॅच आले, विषय मिटला. आणि डेस्कटॉपच्या आय५-१२४०० मध्ये ई-कोर मुळात नाहीतच, तरी लोक बायोसमध्ये शोधत बसलेत!

विंडोज १० वर चालतं, माझ्याकडे १२६००के वर वर्षभर चाललं. फक्त कुठलं काम कुठल्या कोरला द्यायचं हे चिपमधला थ्रेड डायरेक्टर सांगतो आणि त्याचं नीट ऐकतं विंडोज ११. मी व्हिडिओ कन्व्हर्टला लावून विंडो मिनिमाइझ केली की टास्क मॅनेजरमधले पहिले बारा चौकोन (पी-कोरचे थ्रेड) धपकन खाली आणि शेवटचे चार (ई-कोर) ठासून भरलेले, वीस मिनिटांचं काम तासावर. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला टाकला, सुटलं.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र मेसेजवाला चुकून बरोबर आहे. दुकानात "दहा कोर सर" म्हणून आय५-१२३५यू दाखवतात, त्यात पी-कोर दोनच, जास्त पैसे मोजून आय७-१२५५यू घेतला तरी दोनच. १२४५०एच मध्ये एकूण आठ पण पी-कोर चार, जड कामाला तोच बरा, त्यामुळे कोर किती ते नका विचारू, पी किती ते विचारा.